रूममधला पीडीपी-११

टर्बो सी आपण सगळ्यांनीच वापरलंय. ६४-बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून सीनियर मंडळी पेनड्राइव्हवर डॉसबॉक्स देतात आणि आपण ‘चालतंय ना, मग झालं!’ म्हणून गप्प बसतो. ओरलला एक्स्टर्नलनी मला विचारलं, हा डॉसबॉक्स नेमकं करतो काय? मी पंख्याकडे बघत राहिलो. पुढचे सगळे उद्योग त्या फजितीतून सुरू झाले.

डॉसबॉक्स हा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. मी आणखी जुनं सोंग निवडलं: सिम-एच. बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये त्याचं काम सुरू केलं. सी भाषेत लिहिलेला, फुकट मिळतो आणि डीईसी कंपनीचा पीडीपी-११ हुबेहूब वठवतो. आतली युक्ती सोपी आहे. पीडीपी-११ ची आठ रजिस्टर म्हणजे साधी व्हेरिएबल आणि मेमरी म्हणजे मोठा ॲरे. मग एक लूप: पुढची सूचना उचल, ओळख, त्याप्रमाणे व्हेरिएबल बदल, की पुन्हा पुढची. डिस्क म्हणजे आपल्या हार्डडिस्कवरची एक फाइल. आरके-०५ डिस्कची फाइल जेमतेम २५ लाख बाइटची, मोबाइलमधल्या एका गाण्याहून लहान! तेवढ्यात युनिक्सची १९७५ ची सहावी आवृत्ती सी कंपायलरसकट मावते.

बूट केलं की नुसतं ॲटचं चिन्ह येतं. तिथे ‘युनिक्स’ टाइप करायचं, मग लॉगिन. इथपर्यंत मी खूश होतो.

मग बॅकस्पेस चालेना. त्या काळी टर्मिनल म्हणजे बहुधा टेलिटाइप, कागदावर छापलेलं अक्षर पुसणार कसं? म्हणून हॅश दाबला की मागचं अक्षर रद्द आणि ॲट दाबला की अख्खी ओळ रद्द. मी सवयीने हॅश-इन्क्लूड लिहिलं. हॅश गायब! आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो हे कळायला अर्धा तास गेला आणि एवढं करून कळलं की या आवृत्तीत एसटीडीआयओ ही हेडर फाइलच नाही. ‘एड’ नावाचा एडिटर तर चूक झाली की फक्त प्रश्नचिन्ह छापतो. (असे सर प्रत्येक डिपार्टमेंटला एक तरी असतात.)

एका संध्याकाळी प्रोग्रॅम सेव्ह केला आणि त्याच क्षणी लाईट गेली. पुनावळ्यातल्या आमच्या हॉस्टेलला हे नवीन नाही. लाईट आल्यावर बघतो तर फाइल रिकामी. सेव्ह तर केली होती! मग डोक्यात प्रकाश पडला. कर्नल ब्लॉक आधी मेमरीतल्या बफरमध्ये ठेवतो. डिस्कवर ते सवडीने जातात, त्यासाठी ‘अपडेट’ नावाचा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी ‘सिंक’ करत असतो. मॉरिस बाख यांच्या पुस्तकातलं बफर कॅशचं तिसरं प्रकरण मी दोनदा पाठ केलं होतं. कळलं मात्र त्या अंधारात. तेव्हापासून डिस्कच्या फाइलची कॉपी काढून ठेवतो आणि मग कर्नल बिनधास्त बिघडवतो.

बिघडवता येतो, कारण तो वाचता येतो. सगळा मिळून सुमारे ९००० ओळी. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी त्यावर विद्यार्थ्यांसाठी टिपणं लिहिली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने असं शिकवण्यावर बंदी आणली, तशी ती झेरॉक्सच्या झेरॉक्स होऊन जगभर फिरली. पुस्तकरूपात अधिकृतपणे आली ती थेट १९९६ मध्ये. आता मात्र भीती नाही, २००२ च्या जानेवारीत कॅल्डेरा कंपनीने या जुन्या आवृत्त्या खुल्या केल्या.

सातव्या आवृत्तीत यूयूसीपी आलं, म्हणजे टेलिफोन लाइनवरून एका युनिक्सने दुसऱ्याला फाइली आणि टपाल पाठवणं. आपल्याकडे १९८६-८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवर ई-मेल सुरू झाली ती यूयूसीपीनेच. अर्नेटची ती सुरुवात. सध्या मी आणि रूममेट दोन लॅपटॉपवर सातवी आवृत्ती चढवून एकाला जुहू, दुसऱ्याला पवई म्हणतो. जुहू हाक मारतंय, पवई लॉगिन विचारतंय, पण गाडी तिथेच अडते. कोणाला जमलं असेल तर रात्री जेवणानंतर मेसमध्ये गाठा.