वाँटेजच्या सिस्टर आणि आपल्या रमाबाई

वाँटेज हे इंग्लंडातले बाजारपेठेचे लहानसे गाव. राजा आल्फ्रेडचे जन्मस्थान म्हणून तिकडे ते ओळखले जाते. मराठी माणसाने मात्र हे नाव लक्षात ठेवायचे ते तिथल्या मठासाठी. पंडिता रमाबाई या मठात राहिल्या, शिकल्या, शिकवत राहिल्या आणि भांडल्याही. परमुलुखात, परक्यांच्या शिस्तीत राहून सेवा करायची म्हणजे काय, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी मराठी इतिहासात याहून मोठे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात इंग्लंडातले मठ मोडले. त्यानंतर तीनशे वर्षे तिथल्या चर्चमध्ये व्रतस्थ स्त्रियांची संस्था जवळजवळ उरलीच नाही. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा उभी राहू लागली. वाँटेजचे धर्मगुरू विल्यम जॉन बटलर यांनी १८४८ मध्ये 'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' हा भगिनीसंघ सुरू केला. लग्न नाही, स्वतःची मालमत्ता नाही, दिवसाचे तास प्रार्थनेने बांधलेले आणि उरलेला वेळ कामाला. काम मुख्यतः दोन तऱ्हेचे : मुलींना शिकवणे आणि समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना आसरा देऊन पुन्हा उभे करणे. १८७७ मध्ये याच सिस्टर पुण्यात आल्या.

पुण्यात त्यांचे काम पंचहौद मिशनच्या परिसरात होते. आपल्याकडे पंचहौद म्हटले की १८९० चे चहाप्रकरण आठवते. गोपाळराव जोश्यांनी घडवून आणलेल्या त्या बैठकीत मिशनचा चहा पुढे आला, रानडे आणि टिळकांसारख्यांची नावे जाहीर झाली आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. एका पेल्यावरून शहर ढवळून निघते, तिथे एखाद्या विधवा ब्राह्मण स्त्रीने मिशनच्या सिस्टरांबरोबर बोटीत बसून विलायतेला जाणे म्हणजे काय असेल! रमाबाई तर या प्रकरणाच्या सात वर्षे आधी गेल्या.

त्या वेळी त्या पंचविशीच्या होत्या. आईवडील दुष्काळात गेलेले, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये वारलेले आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकी शिकायची हा हेतू होता. प्रवासाचा खर्च त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. मठात फुकट राहायचे नाही, हे आधीच ठरलेले होते. हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टरांना त्यांनी मराठी शिकवायचे, बदल्यात राहणे, जेवण आणि इंग्रजीचे शिक्षण. धर्मांतर करणार नाही, असेही त्या निघताना सांगत होत्या.

मग घटना भराभर घडल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. कानाच्या दुखण्याने रमाबाईंना ऐकू येईनासे झाले आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उठला आणि मठात आनंद झाला. पण आता ही बाई आपली झाली, असे जे सिस्टरांना वाटले, ते फार दिवस टिकले नाही.

मठात सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्मशिक्षक होत्या. छोटी मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणे. या दोघींमधली पत्रे वाचताना एका बाजूला खरी माया दिसते आणि दुसऱ्या बाजूला पावलोपावली ठिणग्या. रमाबाई शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंग पानात आले तर ते त्या बाजूला सारत. सिस्टरांच्या मते हा जातीचा उरलेला अभिमान होता. रमाबाईंचे म्हणणे असे की ख्रिस्त स्वीकारला म्हणून आपल्या लोकांचे सगळे रीतिरिवाज टाकून द्यावेत, असा काही नियम नाही. मला यात रमाबाईंची बाजू साफ पटते. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची जीभ, कान, चव बदलत नाहीत आणि बदलायचे कारणही नाही.

क्रूसावरचा वाद याहून खोल गेला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, लॅटिन ना मला कळते ना माझ्या देशातल्या बायकांना, मग ती माझ्या छातीवर कशाला? लिहायचेच तर संस्कृतात लिहा. संस्कृत देवांची वाणी आहे म्हणून नव्हे, ती माझ्या मायभूमीची सुंदर आणि प्राचीन भाषा आहे म्हणून. बेळगावकडच्या सीमाभागातल्या, कर्नाटकात राहिलेल्या आमच्या मराठी येळ्ळूरच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जुलै २०१४ मध्ये आमच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' हा फलक पोलीस बंदोबस्तात काढला गेला आणि गावाने लाठ्या खाल्ल्या. नावाची पाटी कुठल्या अक्षरात असावी याला बाहेरचा माणूस हट्ट म्हणतो. ज्याची पाटी असते त्याला ते आपले अस्तित्व वाटते.

सिद्धान्तांबाबतही तसेच. त्रैक्य, येशूचा चमत्कारिक जन्म, चर्चचा अधिकार या गोष्टी रमाबाईंना जशाच्या तशा मान्य होत नव्हत्या. भटांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसऱ्या कुणाचे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. १८८४ पासून त्या डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात राहून शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण पुरुषांनाही त्यांनी भाषा शिकवाव्यात, अशी सूचना निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात याने वाईट दिसेल, हे त्यांचे कारण. रमाबाई संतापल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आईला शिकवण्यापासून रोखले नव्हते, पतीने आपल्याला रोखले नव्हते. सुधारलेल्या देशातले धर्मगुरू मात्र रोखत होते.

इथवर वाचून मठ म्हणजे केवळ जाच होता, असा समज झाला तर तो अन्यायाचा ठरेल. लंडनमधल्या फुलहॅम भागात या संघाचे आश्रयगृह होते. सिस्टरांनी रमाबाईंना तिथे नेले. टाकलेल्या बायका तिथे मान वर करून काम करत होत्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या बायकांच्या वागण्यात किळस नव्हती. हे का करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. अशा बाईला शास्त्राने क्षमा केल्याचे रमाबाईंनी आपल्याकडे कुठे वाचले नव्हते. पुढे १८९९ मध्ये केडगावच्या आपल्या मुक्तीमिशनात त्यांनी अशाच बायकांसाठी 'कृपासदन' काढले, त्याचे बी फुलहॅमला पडले होते. वाँटेजने रमाबाईंना दिलेले सर्वांत मोठे देणे हेच, असे माझे मत आहे. सिस्टरांचे सिद्धान्त त्यांनी पारखून घेतले, काम मात्र पाहताक्षणी स्वीकारले.

१८८६ च्या सुरुवातीला आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. परतल्यावर विधवांसाठी त्यांनी काढलेले मुंबईचे शारदासदन ११ मार्च १८८९ चे, त्यानंतर पुणे, मग दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि केडगाव. केडगावी पारडे फिरले. मिनी अब्राम्ससारख्या परदेशी स्त्रिया तिथे येऊन एका मराठी बाईच्या देखरेखीखाली राहू लागल्या. वाँटेजला जे रमाबाईंच्या वाट्याला आले, ते आता या परदेशी स्त्रियांच्या वाट्याला होते : परकी हवा, परकी भाषा, परका स्वयंपाक.

वाँटेजचा संघही एका जागी थांबला नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या प्रभावातून १९२२ मध्ये अहमदनगरला ख्रिस्त सेवा संघ सुरू केला होता. इंग्रज आणि हिंदी माणसांनी खादी नेसून, जमिनीवर बसून, एकत्र जेवून राहायचे, ही त्यातली कल्पना. व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात आले ते याच संघात. पुण्यात शिवाजीनगरला झालेला या संघाचा आश्रम पुढे ओस पडला. १९७२ मध्ये तो ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून पुन्हा उघडला, तो कॅथलिक सेक्रेड हार्ट संघाच्या आणि वाँटेज संघाच्या सिस्टरांनी मिळून. तिथे शाकाहारी जेवण होते, भारतीय पद्धतीची उपासना होती आणि उपनिषदांचे वाचनही होते. ज्या गोष्टींसाठी रमाबाईंना वाँटेजमध्ये एकटीने झगडावे लागले, त्यांतल्या बऱ्याचशा त्याच संघाच्या स्त्रियांनी शंभरेक वर्षांनी आपणहून स्वीकारल्या.

सिस्टर जेराल्डिन यांचे एक मोठे ऋण आपल्यावर आहे. रमाबाईंची पत्रे त्यांनी जपून ठेवली, ज्यांत त्या स्वतः वादात हरल्या त्या पत्रांसकट. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. येळ्ळूर, बेळगाव, निपाणीकडच्या ज्या घरांतून मुलगा किंवा मुलगी परदेशी सेवेला, शिक्षणाला वा नोकरीला निघाली असेल, त्या घराने बॅग भरताना लोणच्याच्या बरणीशेजारी हे पुस्तकही ठेवावे.