समोरच्याचे म्हणणे

“वाद घालू नकोस,” असे आपण मुलांना सांगतो. घरात दोघे भाऊ जरा मोठ्याने बोलू लागले की म्हातारी माणसे म्हणतात, “अरे, वाद नको.” वाद म्हणजे भांडण, अशी या शब्दाची आपल्या बोलण्यात गत झाली आहे. त्याला कारणही आहे. बांधाच्या चार बोटांवरून सुरू झालेला वाद तालुक्याच्या कोर्टात जातो आणि दोन पिढ्या चालतो, हे तुम्ही-आम्ही पाहतोच. पण मुळात हा शब्द इतका वाईट नाही.

गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून दोघांनी प्रमाणे देऊन केलेली चर्चा, तो वाद. काही झाले तरी आपणच जिंकायचे, मग त्यासाठी शब्दांची ओढाताण करावी लागली तरी चालेल, तो जल्प. आणि स्वतःचे म्हणून काहीच मांडायचे नाही, दुसऱ्याचे तेवढे मोडून काढायचे, ती वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथूनच आला. म्हणजे पाहा, चावडीवर आपण ज्याला वाद म्हणतो तो बहुधा जल्प असतो, पारावर चालते ती पुष्कळदा वितंडा असते, आणि खरा वाद वर्षातून एखाद्या वेळी होतो.

जुन्या शास्त्रकारांची आणखी एक रीत होती. आपले मत सांगण्याआधी ते विरुद्ध बाजूचे म्हणणे मांडत. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तो मोडकातोडका मांडायचा नसतो. विरोधकाने स्वतः मांडला असता त्याहून बरा मांडायचा, आणि मग उत्तराला हात घालायचा. आज मला बोलायचे आहे ते या एवढ्याच गोष्टीबद्दल.

तुम्ही म्हणाल, ही पंडितांची रीत झाली. राजकारणाच्या धामधुमीत ती कुठली चालायला? चालली होती. आणि तीही अशा दोघांमध्ये, की ज्यांच्या एकेका शब्दाकडे सारा देश कान लावून बसला होता. एक महात्मा गांधी आणि दुसरे रवींद्रनाथ ठाकूर.

गांधीजी १९१५ साली आफ्रिकेतून परत आले तेव्हा त्यांच्या तिकडच्या आश्रमातली मुले आधीच रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात येऊन राहिली होती. गांधीजी तिथे गेले. आपले काकासाहेब कालेलकर, मूळचे साताऱ्याचे, त्यांची आणि गांधीजींची गाठ तिथलीच. गांधीजींनी पाहिले, की इथे स्वयंपाकाला आचारी आहेत, झाडलोटीला नोकर आहेत. त्यांनी मुलांना आणि शिक्षकांना सांगितले, ही कामे आपली आपण करू. १० मार्च १९१५ पासून तो प्रयोग सुरू झाला. रवींद्रनाथांनी त्याला अडवले नाही. पाहुण्याने येऊन घरच्या चुलीची व्यवस्था बदलावी आणि यजमानाने ती बदलू द्यावी, हे सोपे नव्हे! प्रयोग फार दिवस टिकला नाही, पण १० मार्चचा तो दिवस शांतिनिकेतनाने पुढे गांधी पुण्याह म्हणून पाळला.

खरा मतभेद १९२१ साली उभा राहिला. असहकाराची चळवळ जोरात होती. विदेशी कापडाच्या होळ्या होत होत्या, मुले शाळा सोडत होती, आणि ‘सूत काता, स्वराज्य मिळेल’ असे गावोगाव सांगितले जात होते. रवींद्रनाथ काही सरकारच्या बाजूचे नव्हते. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर १९१९ साली त्यांनी आपली ‘सर’ ही पदवी परत केली होती. तरी त्यांनी उघड विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: लोक चरखा चालवतात तो पटला म्हणून, की सांगितले म्हणून? विचार न करता आज्ञा पाळण्याची सवय लागली, तर उद्या दुसरा कोणी दुसरीच आज्ञा देईल. आणि ज्या देशात अंगभर वस्त्र नाही, तिथे कापड जाळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गांधीजींनी ‘यंग इंडिया’त १३ ऑक्टोबर १९२१ रोजी उत्तर दिले. त्यांनी रवींद्रनाथांना देशाचा थोर पहारेकरी म्हटले. आंधळेपणाने कोणी काही मानू नये, हे त्यांचे म्हणणे सरळ कबूल केले. मग आपली बाजू मांडली, की ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला देव दिसायचा असेल तर तो कामाच्या आणि मजुरीच्या रूपानेच दिसेल. कवी उद्यासाठी जगतो, पण भुकेल्या माणसाला आज जगायचे आहे.

चार वर्षांनी, १९२५ साली, चरखा पुन्हा वादात आला. या वेळी गोष्ट अर्थशास्त्राची होती. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांनी रवींद्रनाथांना छापून दोष दिला होता, की तुम्ही चरख्याबद्दल उत्साह दाखवत नाही. रवींद्रनाथांनी उत्तर दिले, की एकच यांत्रिक काम कोट्यवधी लोकांना लावून दारिद्र्य जाणार नाही. शेतकरी एकमेकांशी जोडले गेले, सहकाराने उभे राहिले, तर ते जाईल. हे ते माडीवर बसून बोलत नव्हते. पतिसर इथे त्यांनी १९०५ साली शेतकऱ्यांसाठी बँक काढली होती, नोबेल पारितोषिकाचा पैसा तीत ठेवला होता, आणि १९२२ साली शांतिनिकेतनाजवळ श्रीनिकेतन हे ग्रामसुधारणेचे केंद्र उभे केले होते. गांधीजींनी उत्तर दिले, की शेती सोडून सूत काता असे मी कोणाला म्हणत नाही. कोरडवाहू शेतकरी वर्षातले निदान चार महिने रिकामा असतो, ते महिने भरून काढणारे दुसरे काम घराघरात पोचेल असे दाखवा.

मला विचाराल तर या प्रश्नात दोघांच्याही पदरात अर्धे अर्धे सत्य होते. सहकाराने काय होऊ शकते हे महाराष्ट्राने पुढे प्रवरानगरला पाहिले. पण कोरडवाहू गावातल्या रिकाम्या चार महिन्यांना मुंबई-पुण्याची वाट धरण्याखेरीज दुसरे उत्तर किती ठिकाणी सापडले, हे तुमचे तुम्हीच मोजा.

आणि १९३४. या प्रकरणाशी जरा थांबले पाहिजे. १५ जानेवारीला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. दहा हजारांवर माणसे गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यता निवारणासाठी दक्षिणेत फिरत होते. त्यांनी सभेत सांगितले, की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. वर्तमानपत्रांत ते छापून आले. रवींद्रनाथांना ते फार लागले. अस्पृश्यता वाईट, याबद्दल दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता. दीडच वर्षापूर्वी, सप्टेंबर १९३२ मध्ये, गांधीजींच्या येरवड्याच्या उपोषणात त्यांना भेटायला रवींद्रनाथ कलकत्त्याहून पुण्यापर्यंत आले होते, आणि उपास सुटला तेव्हा त्यांच्याजवळ बसून गायले होते. पण कारण चांगले म्हणून त्यासाठी दिलेला चुकीचा युक्तिवाद गोड मानायला ते तयार नव्हते.

त्यांनी काय केले ते नीट ऐका. आपले खंडन लिहिले आणि ते सरळ वर्तमानपत्राकडे न पाठवता गांधीजींकडेच पाठवले. सोबत कळवले, की आपण खरोखरच असे बोलला असाल तर हे छापायला द्यावे. बातमी खोटी असेल तर प्रश्नच नाही. आणि गांधीजींनी १६ फेब्रुवारी १९३४ च्या ‘हरिजन’मध्ये ते छापले, शेजारी आपले उत्तर छापले. ‘हरिजन’ म्हणजे वर्षभरापूर्वी पुण्याहून सुरू झालेले त्यांचे स्वतःचे साप्ताहिक. टीका ज्याच्यावर, त्याच्याच पत्रात ती छापून आली!

रवींद्रनाथांचा मुद्दा तिखट होता. भूकंपाची कारणे जमिनीच्या पोटात असतात, माणसाच्या पापपुण्यात नसतात. आणि हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभतो. उद्या सनातनी मंडळी म्हणतील, की तुम्ही रूढी मोडायला निघालात म्हणूनच धरणी हादरली. मग त्यांना काय उत्तर देणार? गांधीजी आपल्या श्रद्धेवरून हलले नाहीत. हे मी सिद्ध करू शकत नाही, असे त्यांनी मान्य केले, पण लोक हसतील म्हणून मनातली श्रद्धा लपवणे भित्रेपणाचे होईल, असेही लिहिले. आमच्या स्नेहाला मतभेदाने आजवर बाधा आली नाही आणि याही वेळी येणार नाही, हेही त्यात होते. या प्रकरणी रवींद्रनाथ बरोबर होते असे मला वाटते. पण वाचणाऱ्याला ते ठरवता येते, ते दोन्ही बाजू एकाच पानावर आल्या म्हणून.

आता कोणी विचारील, दोघे थोर, दोघांना मान, दोघांचा स्नेह. अशांचे वाद गोड होणारच. ज्याच्या जिवावर बेतले आहे त्याने गोड कसे बोलावे? हा प्रश्न रास्त आहे. ज्या उपोषणाला रवींद्रनाथ धावून आले, तेच उपोषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या गळ्याभोवतीचा फास वाटले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की नकोत, हा वादाचा विषय होता. पण समोरचा माणूस प्राण पणाला लावून बसला की वाद संपतो, तिथे फक्त दडपण उरते. त्यामुळे बाबासाहेबांनी गांधीजींशी मैत्रीच्या सुरात बोलावे, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे.

पण पूर्वपक्षाची रीत त्यांनीही सोडली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणातला मजकूर मंडळाला पेलवेना. बाबासाहेब एक स्वल्पविरामही बदलायला तयार नव्हते. परिषदच रद्द झाली, आणि त्यांनी ते न झालेले भाषण स्वतः छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्याचा परामर्श घेतला. सुधारकांनी हे वाचलेच पाहिजे असे सांगितले; किंमत आठ आणे आहे ती दोन आणे, निदान चार आणे करावी, अशी सूचनाही केली. मग त्यांच्या मतांचे खंडन केले. पुढच्या वर्षी, १९३७ साली, दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख आपल्याच पुस्तकात पुरवणी म्हणून छापले आणि त्यांच्यामागे आपले उत्तर जोडले. त्या उत्तरात गोडवा नाही. एकेक वाक्य आसुडासारखे आहे. पण विरोधकाचा शब्द कापलेला नाही, वाकवलेला नाही. वादात स्नेह असला तर उत्तम. नसला तरी एवढी गोष्ट असू शकते, आणि मला वाटते स्नेहापेक्षाही ती अधिक लागते.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना ऐकून चर्चा करणे नवे नाही. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे चालवून पाहिली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत, आणि प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवत. रेडिओ एकतर्फी बोलतो, ही त्याची उणीव त्या मंडळींनी काही अंशी भरून काढली.

शिक्षकमंडळींनी वर्गात हे कसे करावे? शाळेत वादविवाद स्पर्धा होतात. त्यांत पाठ केलेली भाषणे असतात, टाळ्या असतात, ढाल असते, आणि समोरच्याने काय म्हटले ते कोणीच ऐकलेले नसते. ते बाजूला ठेवून एक विषय घ्या: पाणी जमिनीला की माणसाला?

हा विषय काल्पनिक नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने द्यायचे. माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकले जात नाही.

बागाईतदाराची बाजू हलकी नाही. विहीर त्याने खणली, खडक लागला तेव्हा कर्ज त्याच्या नावावर चढले. डोईप्रमाणे वाटायचे तर उद्या विहीर खणील कोण? उसामुळे कारखाना आला, कारखान्यामुळे रस्ता आणि शाळा आली. दुसऱ्या बाजूने पाहा: पाऊस साऱ्या शिवारावर पडतो, जमिनीखालच्या पाण्याला सातबारा ठाऊक नसतो, आणि एका एकर उसाच्या पाण्यात कित्येक एकर ज्वारी उभी राहते.

उसाच्या घरातल्या मुलाला माणसाची बाजू द्या, मजुराच्या मुलीला बागाईतदाराची द्या. एक नियम ठेवा. आधीच्याने काय म्हटले ते पहिल्याने सांगायचे, आणि त्याने “होय, असंच म्हणणं होतं माझं,” असे म्हटल्यावरच आपले बोलायचे. मात्र गुरुजी, बाजूंची अशी अदलाबदल पाण्याच्या, पैशाच्या, कायद्याच्या प्रश्नात करावी. एखाद्या मुलाचे माणूसपण हाच विषय करून त्याला त्याच्याच विरुद्ध उभे करू नये. जातीच्या बाजूने बोल, असे ज्याच्या आजोबांनी जात सोसली त्या मुलाला सांगणे हा वादाचा सराव नव्हे.

पहिल्या दिवशी बहुतेकांना समोरच्याचे म्हणणे सांगता येणार नाही. “नाही, असं नाही म्हटलं मी,” हे तीन-चार वेळा ऐकू येईल. तेव्हा दुसऱ्याचे भाषण थांबवावे आणि मूळ बोलणाऱ्याला पुन्हा पाच मिनिटे द्यावीत. तास संपला तर संपू द्यावा. उरलेला वाद पुढच्या शनिवारी.