हॅलोविन, मारबत आणि लहान मुलं : भीतीची मजा नेमकी कुठे संपते?

ऑक्टोबर संपत आला की एका ठराविक प्रकारचे रील्स फिरायला लागतात. घरातलं कुणीतरी भुताचा मुखवटा घालून दाराआड लपतं. दोन-तीन वर्षांचं पोर खेळत खेळत तिथे येतं, किंचाळतं, पडतं आणि रडून लालबुंद होतं. मागून घरच्यांच्या हसण्याचा आवाज. कमेंटमध्येही हसणाऱ्या इमोजींची रांग.

आता हेच दृश्य एखाद्या मोठ्या थीम पार्कमध्ये घडलं, तर तिथला कर्मचारी मुखवटा घालून मागे सरकेल. कारण त्याला तसं शिकवलेलं असतं. भीती विकून पैसे कमावणाऱ्या या धंद्याला एक गोष्ट पक्की कळली आहे : घाबरवणं सोपं आहे, घाबरलेल्या कुटुंबाला हसत घरी पाठवणं अवघड.

पार्कवाले काय करतात?

हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबर. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या सुगीच्या सणात, पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याला भोपळे आणि चॉकलेटं चिकटली. थीम पार्कमध्ये तो शिरला १९७३ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या 'नॉट्स बेरी फार्म' या पार्कने हॅलोविनच्या रात्री भुताटकीचा कार्यक्रम ठेवला आणि तो इतका चालला की आज पन्नास वर्षांनंतरही सुरू आहे.

पण अडचण लगेच लक्षात येते. सोळा वर्षांच्या पोरांना जे हवं असतं, तेच चार वर्षांच्या पोराला रात्रभर झोपू देत नाही. आणि पार्कला तर दोघांचंही तिकीट हवं असतं.

यावर बहुतेकांनी काढलेला तोडगा साधा आहे : वेळ वेगळी करा. दिवसा भोपळे, गाणी, पोशाखाची मिरवणूक. अंधार पडला की पार्क रिकामं करायचं आणि वेगळ्या तिकिटावर मोठ्यांसाठी पुन्हा उघडायचं. फ्लोरिडातल्या ओरलँडोमध्ये तर दोन शेजाऱ्यांनी गिऱ्हाईकच वाटून घेतलं. युनिव्हर्सलने १९९१ पासून थेट थरकाप उडवणाऱ्या रात्री सुरू केल्या, तिथे १३ वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं सांगितलं जातं. डिस्नेने १९९५ मध्ये मिकी माऊसची पार्टी आणली आणि नावातच सांगून टाकलं की ही 'फारशी भीतीदायक नाही'.

शिवाय बारीकसारीक नियम. भुताने पाहुण्याला हात लावायचा नाही. मधूनच बाहेर पडायला वाट ठेवायची. काही अमेरिकन पार्कांत गळ्यात घालायची चमकणारी माळ मिळते, ती दिसली की भुतं तुम्हाला सोडून पुढच्याकडे वळतात. (ही माळ बऱ्याच ठिकाणी विकत घ्यावी लागते. म्हणजे घाबरायचेही पैसे आणि न घाबरायचेही!)

महाराष्ट्रात असं मोठं पार्क म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळचं, २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका. तिथेही 'सलीमगढ' नावाचा भुताटकीचा भाग आहे, तो इतर राइड्सपासून वेगळा. ज्याला जायचं त्याने आत जावं, नाहीतर बाहेर भेळ खात बसावं. या 'नाहीतर'लाच सगळी किंमत आहे.

घाबरायला मजा का येते?

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात मौजेखातर घेतलेल्या भीतीचा अभ्यास करणारा गट आहे. त्यांनी एका भूतबंगल्यात ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि बाहेर आल्यावर किती मजा आली ते विचारलं. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भीती फार कमी असेल तर कंटाळा, फार जास्त असेल तर नकोसं आणि मजा मधल्या एका पट्ट्यात. मिठासारखं.

पण हा पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि लहान मुलांचा फारच अरुंद. अमेरिकेतल्या जोॲन कँटर यांनी मुलं टीव्हीवर कशाला घाबरतात यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांना आढळलं की शाळेत जाण्याआधीच्या वयातली मुलं दिसण्याला घाबरतात. 'हल्क' मालिकेतला हिरवा राक्षस गोष्टीत चांगला असतो, लोकांना वाचवतो. पण साधा माणूस डोळ्यांदेखत हिरवा होताना पाहून लहानगी घाबरायची. मोठ्या मुलांना 'हे खोटं आहे' असं सांगितलं की पटतं. लहानांवर त्या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही, त्यांना जवळ घेणं उपयोगी पडतं.

म्हणजे रीलमधलं पोर रडतं तेव्हा ते 'भित्रं' नसतं. बाबांचा चेहरा बदलून राक्षसाचा झाला, एवढंच त्याने पाहिलेलं असतं. आणि ज्याच्याकडे धावत जायचं, तोच हसतोय.

गोंदियाकडे याचं उत्तर आधीपासून आहे

गोंदिया जिल्ह्यातून इमॅजिकाला जायचं तर विदर्भ एक्सप्रेसमध्ये रात्र काढावी लागते. पण भीतीचा घरगुती सोहळा बघायला कुठे जायची गरज नाही. पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की पूर्व विदर्भात गावोगाव मारबत निघते. शेजारच्या बालाघाटकडे तिला नारबोद म्हणतात.

सगळ्यात प्रसिद्ध मारबती नागपूरच्या. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मानलं जातं. सोबत बडगे असतात, म्हणजे महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा राग आहे त्याचे पुतळे. गावाकडची मारबत मात्र छोटी. बांबू, पळसाच्या फांद्या, कागद, जुने कपडे. विस्कटलेले केस, वटारलेले डोळे, लोंबणारी जीभ. दिसायला हॅलोविनच्या कुठल्याही भुतापेक्षा कमी नाही.

तरी आईच्या कडेवर बसून पोरं ती बघायला येतात. का?

एक तर मारबत सकाळी निघते, उजेडात. दुसरं म्हणजे ती कुणीतरी परक्याने आणलेली नसते. गल्लीतल्याच पोरांनी तिला बांधलेलं असतं, लहानग्यांनी आदल्या दिवशी तिच्या पोटात गवत कोंबताना पाहिलेलं असतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : ती कुणाच्या अंगावर येत नाही. उलट गाव तिच्या मागे लागतं. खोकला, ताप, डास, रोगराई, इडापीडा सगळं घेऊन जा, असं पोरं बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि तिला शिवेबाहेर नेऊन जाळतात किंवा टाकून देतात. पळणारं पोर आणि पाठलाग करणारं भूत, हा हॅलोविनचा खेळ इथे उलटा होतो.

आणि त्याच दिवशी तान्हा पोळा. सकाळी जी पोरं मारबतीवर ओरडत होती, तीच नंतर लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा मागत फिरतात. अमेरिकेतली मुलं हॅलोविनला दारोदार चॉकलेटं मागतात, त्याचा आपल्याकडे केवढा गाजावाजा. तान्हा पोळ्याचं रील मात्र क्वचितच व्हायरल होतं.

पण एक गोष्ट खटकते

मारबत बाई असते. हॅलोविनची टोकदार टोपीवाली चेटकीणही बाईच. अमेरिकेतल्या बहुतेक मुलांसाठी ती आता फक्त गोष्टीतली आहे. आपल्याकडे चित्र तसं नाही. गावात कुणी आजारी पडलं, कुणाचं जनावर मेलं, की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईकडे बोट दाखवायची वृत्ती अजून संपलेली नाही. जादूटोण्याच्या संशयावरून मारहाणीच्या बातम्या विदर्भातूनही येत राहतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, चेटूक करते असं म्हणून तिला त्रास देणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड.

त्यामुळे शाळेच्या कार्यक्रमात पांढरे केस, काठी आणि नऊवारी अशी 'चेटकीण' उभी करताना दोनदा विचार केलेला बरा. शहरातल्या सोसायटीत तो विनोद असेल. ज्या मुलीच्या गल्लीत खरंच कुणा आजीला तसं म्हटलं जातं, तिच्यासाठी तो विनोद नाही. भोपळा, सांगाडा, वटवाघूळ, ममी, भुतं काय कमी आहेत?

आणि ज्याची खरंच भीती वाटायला हवी ते

११ मे १९८४ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये एका पार्कच्या भूतबंगल्याला आग लागली. अंधार, वळणावळणाच्या वाटा, पेट घेणारी सजावट. आठ किशोरवयीन मुलं आतच गेली. आपल्याकडे २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीत २७ जणांचा मृत्यू झाला, त्यात मुलंही होती.

जत्रेतला, आनंद मेळ्यातला ताडपत्रीचा भूतबंगला आठवून पाहा. तिकीट काढण्याआधी भूत किती भारी आहे ते विचारू नका. बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे, आत दिवे एका झटक्यात लागतात का आणि आग विझवायचं नळकांडं आहे का, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर पोराला आकाशपाळण्यात बसवा.

यंदा सोसायटीत किंवा शाळेत हॅलोविन ठेवणार असाल, तर लहानांचा कार्यक्रम उजेडात उरका आणि मोठ्यांचा नंतर ठेवा. मुखवटे मुलांसमोर घाला, त्यांना हातात घेऊन बघू द्या. जमलं तर त्यांच्याकडूनच एखादं भूत बनवून घ्या. आणि कुणी 'मला नको' म्हणालं, तर त्याला आत ढकलू नका, कॅमेरा सुरू असला तरी.