धावणं, सायकल आणि ‘जिद्द नाही’ म्हणण्याची घाई

मित्रहो, मागच्या वेळी आपण इच्छाशक्तीविषयी बोललो. आज तोच प्रश्न जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर आणू. लांब पल्ल्याचं धावणं सुरू करणारे पुष्कळ, वर्षभराने टिकलेले थोडे. असं का?

ॲरिस्टॉटल क्रियांचे दोन प्रकार सांगतो. घर बांधणं घर पुरं झालं की संपतं. पाहणं मात्र प्रत्येक क्षणी पूर्णच असतं. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर डोळ्यांपुढे ठेवून धावतो तेव्हा आपण घर बांधत असतो. पदक मिळालं, की बूट कोपऱ्यात! हा आळस नव्हे. काम संपलं, एवढंच. म्हणून आठवड्यातलं थोडं धावणं तरी घड्याळाशिवाय, अंतर न मोजता व्हावं. (गंमत म्हणजे, चालणं त्याने पहिल्याच प्रकारात टाकलंय. इथे आपलं त्याच्याशी पटत नाही.)

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर. मोखाड्याकडचा रस्ता चढउताराचा. चढावर दम लागतो, पण पाय दुखवतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही तो त्यामुळे. शिवाय प्रत्येक पावलावर वजनाच्या दोन-तीन पट भार. सायकलवर हृदयाला व्यायाम मिळतो, आदळणं टळतं. आठवड्यातली एखाद-दुसरी धाव सायकलवर भागवावी. सगळ्या नव्हे, हाडांना, पोटऱ्यांना आदळण्याची सवय धावूनच होते. आणि बिनगियरची सायकल असेल तर घाटात खुशाल उतरून ढकला. दात-ओठ खाऊन पेडल दाबलं, तर भोगतो तो गुडघा.

पण आमच्यासारख्या पोटभर जेवून प्रेरणेवर बोलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. याच भागात, वावर-वांगणीत, १९९२ साली कुपोषणाने बालकं दगावली. आजही दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलाचा सराव तिथेच तुटतो. पोरगा चार दिवस मैदानावर दिसला नाही, की आपण म्हणतो, ‘जिद्द नाही.’ अहो, आधी विचारा, सकाळी काय खाल्लंस? रक्त कमी असेल तर स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि तो थकवा बाहेरून कंटाळ्यासारखाच दिसतो. शरीराचं उणं आपण चारित्र्याच्या खात्यावर मांडतो.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांचंच घ्या. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१६ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. ‘डोंगरातली पोर, काटक!’ म्हणून आपण मोकळे होतो. नाशिकमधला विजेंद्र सिंग यांच्या हाताखालचा वर्षानुवर्षांचा सराव मात्र गोष्टीतून गाळतो.

पावसाळ्यात धुकं उतरलं, की घाटात सायकल नको. पटांगणावरच फेऱ्या मारा.

बरं, आता प्रश्न घेऊ.