पाचांमुखी परमेश्वर : मतैक्याचे मोजमाप

मोजमापाची गोष्ट : लेखांक सातवा

आश्विनातल्या परतीच्या पावसाने उभे भात आडवे करून टाकलेले आहे, खाचरातले पाणी अजून ओसरलेले नाही, आणि राजोडीतील एका बांधावर तीन अनुभवी माणसे त्या एकाच खाचराकडे पाहत उभी आहेत, असे दृश्य ज्याने पाहिले असेल त्याला या लेखांकाचा विषय अर्धाअधिक आधीच ठाऊक आहे. पहिला म्हणतो, निम्मे पीक गेले. दुसरा लोंबी हातात घेऊन दाणा दाबून पाहतो आणि म्हणतो, बारा आणे तरी पदरात पडेल. तिसरा काही काळ गप्प राहून इतकेच म्हणतो की भात गरवे असते तर निभावले असते, हळव्याचे काही खरे नाही. तिघांनीही आयुष्यभर भात लावले आहे, तिघांचेही डोळे शाबूत आहेत, आणि तिघांपैकी कोणालाही खोटे बोलण्याचे कारण नाही. तरीही तिघांची उत्तरे तीन आहेत. गेल्या लेखांकात एकाच माणसाने एकच वस्तू वारंवार मोजली असता पडणाऱ्या अंतराचा आपण विचार केला. आज अनेक माणसांनी एकच वस्तू पाहिली असता त्यांच्या निर्णयांत किती मेळ आहे, आणि तो मेळ अंकांत कसा मांडावा, याचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्याकडे प्रयोगशाळेत जन्मला नाही. तो जमाबंदीच्या दफ्तरात जन्मला. उत्तम पीक म्हणजे सोळा आणे असे धरून त्या मानाने यंदाचे पीक किती आणे आले याचा नजरेने केलेला अंदाज म्हणजे आणेवारी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आली, आणा हळूहळू व्यवहारातून गेला आणि आणेवारीची पैसेवारी झाली. परंतु नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम अशा पायऱ्यांनी महसूल व कृषी खात्यांच्या माणसांनी गावकऱ्यांच्या प्रतिनिधींसह आकडा ठरवावयाचा, आणि तो पन्नास पैशांच्या खाली गेला की टंचाईचा विचार सुरू व्हावयाचा, हा क्रम महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडला. केंद्र सरकारने २०१६ साली काढलेल्या दुष्काळविषयक संहितेने पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहांनी टिपलेली वनस्पतींची स्थिती यांवर भर देऊन नजरेचे महत्त्व कमी केले आहे खरे. पण अवकाळी पावसानंतर शेताच्या बांधावर होणारा पंचनामा आजही माणसाच्या नजरेनेच होतो, आणि मदतीसाठी नुकसानीची जी मर्यादा पूर्वी ५० टक्के होती ती २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आणली गेल्यापासून त्या नजरेवर पडणारा भार काही हलका झालेला नाही.

नजरेच्या या मतभेदातून केवढे रणकंदन उभे राहू शकते याचा दाखला इतिहासात आहे. मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात १९१७ च्या हंगामात पीक बुडाले. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली संपूर्ण तहकूब करून मागण्याचा हक्क रयतेला कायद्यानेच दिलेला होता. सरकारी आकडेवारीप्रमाणे पीक चार आण्यांहून अधिक होते; रयतेच्या म्हणण्याप्रमाणे ते चार आण्यांच्या आत होते. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, नारायण मल्हार जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनी चौकशी केली. लोकांनी वादाचा निवाडा पंचांकरवी व्हावा अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही, आणि २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथून महात्मा गांधींनी सत्याग्रहाची घोषणा केली. या लढ्याला अनेक अंगे होती आणि त्याचे श्रेय केवळ आकड्यांच्या वादाला देणे अन्यायाचे होईल. तथापि त्याच्या मुळाशी एकाच शेताकडे पाहणाऱ्या दोन नजरा होत्या, आणि त्यांतील अंतर मोजण्याचे कोणतेही सर्वमान्य साधन त्या काळी कोणाच्याच हाती नव्हते, हे सांख्यिकीच्या अभ्यासकाने विसरता कामा नये.

आता ते साधन पाहू. समजा, तलाठी आणि कृषी सहायक यांनी शंभर खाचरे स्वतंत्रपणे पाहिली, आणि प्रत्येक खाचराविषयी ‘मदतीस पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढाच शेरा लिहिला. दोघांनीही पात्र ठरविलेली ३० निघाली, दोघांनीही अपात्र ठरविलेली ४०. तलाठ्याने एकट्याने पात्र म्हटलेली १० आणि सहायकाने एकट्याने पात्र म्हटलेली २०. म्हणजे शंभरांपैकी सत्तर खाचरांबद्दल दोघांचे एकमत झाले. सत्तर टक्के हा आकडा ऐकावयास बरा वाटतो. परंतु येथेच एक सूक्ष्म शंका घ्यावी लागते : या दोघांनी शेताकडे न पाहता, घरी बसून, चिठ्ठ्या उचलून शेरे लिहिले असते तर किती ठिकाणी त्यांचे एकमत झाले असते?

तलाठ्याचे पात्रतेचे प्रमाण शंभरात ४०, सहायकाचे ५०. केवळ योगायोगाने दोघांच्या हाती ‘पात्र’ अशीच चिठ्ठी येण्याची अपेक्षा ४० च्या निम्म्याने, म्हणजे २० खाचरांत, आणि दोघांच्या हाती ‘अपात्र’ अशी चिठ्ठी येण्याची अपेक्षा ६० च्या निम्म्याने, म्हणजे ३० खाचरांत. शेताकडे पाठ करूनही पन्नास खाचरांत एकमत होणारच होते! मग डोळे उघडून पाहिल्याने पदरात अधिक काय पडले? सत्तर वजा पन्नास, म्हणजे वीस. आणि योगायोगाच्या पलीकडे जास्तीत जास्त किती मिळवता आले असते? शंभर वजा पन्नास, म्हणजे पन्नास. विसाला पन्नासाने भागले की ०.४० हा अंक येतो. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडलेला आणि ‘कॅपा’ या ग्रीक अक्षराने ओळखला जाणारा गुणांक तो हाच. संपूर्ण मेळ असेल तर तो १ होतो, योगायोगाइतकाच मेळ असेल तर शून्य होतो, आणि योगायोगाहूनही मेळ कमी असेल तर तो ऋण होतो.

तो ऋण कधी होतो हे पाहिल्यावाचून या गुणांकाचे मर्म कळत नाही. दुसरे एक वर्ष कल्पा. पाऊस वेळेवर आला, पिके उत्तम आली, आणि नुकसान झालेली खाचरे फार थोडी. त्याच दोघांनी शंभर खाचरे पाहिली. नव्वद खाचरे दोघांनीही अपात्र ठरविली. पाच तलाठ्याने एकट्याने पात्र म्हटली, दुसरीच पाच सहायकाने एकट्याने पात्र म्हटली. दोघांनीही पात्र म्हटलेले खाचर एकही नाही. एकमत नव्वद टक्के! पण प्रत्येकाचा अपात्रतेचा शेरा शंभरात ९५ इतका वारंवार येत असल्याने निव्वळ योगायोगानेच साडेनव्वद टक्के एकमत अपेक्षित होते, आणि गुणांक शून्याच्याही खाली, उणे ०.०५ च्या आसपास जातो. टक्केवारी आणि गुणांक यांच्यातील ही विसंगती अभ्यासकांना दीर्घकाळ सतावीत आली आहे, आणि एका बाजूचे शेरे फार झाले की कॅपावर एकट्याने विसंबू नये, सोबत मूळ कोष्टकही छापावे, असा इशारा जाणकार देतात, तो रास्तच आहे. तरीही मला या ऋण अंकात एक नैतिक आशय दिसतो. ज्या नव्वद खाचरांत काहीच बिघडले नव्हते त्यांच्याविषयी एकमत होण्यास फारशी नजर लागत नाही. नजर लागते ती ज्या थोड्या खाचरांत पीक खरोखर गेले आहे ती ओळखण्यास, आणि नेमक्या त्याच ठिकाणी या दोन पाहणाऱ्यांची एकदाही गाठ पडलेली नाही. ज्याचे खाचर बुडाले त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नव्वद टक्क्यांचा तो मोठा आकडा निरर्थक आहे. त्याची कैफियत उणे चिन्हात लिहिलेली आहे.

पाहणारे दोघांऐवजी पाच असतील तर काय करावे? जोसेफ फ्लाइस या संख्याशास्त्रज्ञाने १९७१ साली याची जी रीत दिली ती आपल्या पंचांच्या परंपरेला फार शोभणारी आहे. पाच पंचांच्या दोन-दोन जणांच्या जोड्या दहा होतात. पाचही एकमताने बोलले तर दहाही जोड्या जुळल्या. चार विरुद्ध एक असा कौल पडला तर सहा जुळल्या. तीन विरुद्ध दोन असा पडला तर केवळ चार. समजा, दहा खाचरांपैकी चारांविषयी पाचही पंच एकमत आहेत, तिहींविषयी चार विरुद्ध एक आणि तिहींविषयी तीन विरुद्ध दोन. जुळलेल्या जोड्यांची सरासरी काढली तर ती शेकडा सत्तर येते; आणि एकूण पन्नास शेऱ्यांपैकी निम्मे ‘पात्र’ असतील तर योगायोगाचा वाटा पन्नास, म्हणून गुणांक पुन्हा ०.४० च. बहुमताच्या हिशेबात ही दहाही खाचरे निकालात निघाली असती आणि तीन विरुद्ध दोन व पाच विरुद्ध शून्य यांतील अंतर कागदावर उरले नसते. फ्लाइसच्या हिशेबात ते उरते. त्याने स्वतः दिलेल्या उदाहरणात तीस मनोरुग्णांपैकी प्रत्येकाचे निदान सहा मनोविकारतज्ज्ञांनी पाच वर्गांत केले होते, आणि गुणांक ०.४३ आला होता. विद्येने आणि अनुभवाने संपन्न अशा तज्ज्ञांचीही ही स्थिती असेल, तर चिखलात उभे राहून घाईने शेरा लिहिणाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपण थोडे थांबावे हे बरे.

शेरा ‘पात्र-अपात्र’ असा दुभागलेला नसून पायऱ्यापायऱ्यांचा असेल, तर सर्व मतभेद सारखे लेखणे योग्य नव्हे. एकाने पंचेचाळीस पैसे आणि दुसऱ्याने पंचावन्न म्हणणे हा एक मतभेद, आणि एकाने वीस व दुसऱ्याने नव्वद म्हणणे हा अगदी वेगळा. म्हणून कोहेनने १९६८ मध्ये मतभेदाच्या अंतराप्रमाणे त्याला वजन देणारी रीत सांगितली. पंचांनी केवळ खाचरांचा उतरता क्रम लावून दिला असेल तर मॉरिस केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९३९ मध्ये दिलेला सुसंवाद-गुणांक कामी येतो. क्विंटलांत किंवा पैशांत नेमका अंक असेल तर वर्गांतर्गत सहसंबंधाचा गुणांक वापरतात, आणि काही पंचांनी काही शेते पाहिलीच नसतील तर क्रिपेनडॉर्फ यांचा आल्फा उपयोगी पडतो. नावे अनेक असली तरी सर्वांच्या मागचा विचार बव्हंशी एकच : प्रत्यक्षातील मतभेद किती, आणि केवळ दैवाधीन चिठ्ठ्यांनी झाला असता तो किती.

मग कोणता अंक पुरेसा म्हणावा? लॅंडिस आणि कॉख यांनी १९७७ मध्ये ०.४१ ते ०.६० ला मध्यम, ०.६१ ते ०.८० ला भरीव अशी नावे दिली आणि ती जगभर रूढ झाली. पण या सीमारेषा स्वेच्छेने आखलेल्या आहेत, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. ज्या निर्णयावर एखाद्या कुटुंबाचे वर्ष अवलंबून आहे त्याला ‘मध्यम’ मेळ पुरेसा आहे की नाही, याचे उत्तर कोष्टक देऊ शकत नाही. ते समाजाने द्यावयाचे असते.

या सर्व गणिताची एक पूर्वअट आहे, आणि माझ्या मते आजच्या लेखांकातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. प्रत्येक पंचाने आपला शेरा दुसऱ्याचे ऐकण्यापूर्वी, स्वतंत्रपणे, लिहिलेला असला पाहिजे. आपला पंचनामा नेमका उलट चालतो. बांधावर सर्वांत वडीलधारा किंवा सर्वांत मोठ्या हुद्द्याचा माणूस प्रथम बोलतो, बाकीचे माना डोलावतात, एकच वाक्य लिहिले जाते आणि त्याखाली पाच सह्या होतात. त्या कागदावर मतैक्य शंभर टक्के दिसते; परंतु ते मोजलेले नसून घडविलेले असते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील पीक पाहणीत एकमेकांत गुंफलेले दोन स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या तुकड्यांकडे सोपविण्याची जी पद्धत रूढ केली, तिचे मर्म हेच होते की दोन पाहण्यांतील तफावत लपविण्याजोगी लाज नसून जपून ठेवण्याजोगी माहिती आहे.

आणि तरीही मतैक्य म्हणजे सत्य नव्हे, हे सांगून न ठेवले तर वाचकाची फसवणूक होईल. पाचही पंच स्वतंत्रपणे, प्रामाणिकपणे आणि अगदी एकमुखाने चूक करू शकतात. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या देशातील पीक कापणी प्रयोगांना शास्त्रीय पाया दिला. शेतात यादृच्छिक जागा निवडावी, ठरावीक मापाचा तुकडा आखावा, तेवढेच पीक कापून, झोडून, वजन करावे, ही ती रीत. १९४६ साली ‘नेचर’ नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वास्तवाहून अधिक भासते, कारण सीमेवरचे रोप आत धरावे की बाहेर, या प्रत्येक संशयात कापणाऱ्याचा हात ते आत ओढून घेतो. शंभर माणसांचे हात एकाच दिशेने ओढत असतील तर त्यांच्यात मेळ उत्तम दिसेल, आणि तरी सर्वांची रास खोटी असेल. मतैक्याचा गुणांक हे सांगू शकत नाही. त्यासाठी विळा आणि तराजूच हाती घ्यावा लागतो.

‘पाचांमुखी परमेश्वर’ ही म्हण आपल्या ग्रामव्यवहारातील फार थोर श्रद्धा आहे, आणि तिला उणेपणा आणावा असे माझ्या मनात नाही. पाच मुखांतून परमेश्वर बोलतो असे म्हणणाऱ्या पूर्वजांनी मुखे पाच सांगितली, एक सांगितले नाही, एवढेच मला आठवण करून द्यावयाचे आहे. राजोडीच्या त्या बांधावर पुढच्या आश्विनात पंच जमतील तेव्हा, एकमेकांशी बोलण्यापूर्वी, प्रत्येकाने आपापल्या कागदाच्या तुकड्यावर आपला आकडा लिहावा, ते पाचही तुकडे पंचनाम्याला जोडावेत, आणि मग खुशाल चर्चा करून एक आकडा ठरवावा. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, फार तर पाव घटका अधिक लागेल. परंतु एवढे झाले तर ज्याच्या खाचराविषयी पंचांत तीन विरुद्ध दोन असा कौल पडला त्याला निदान हे कळेल की आपले म्हणणे दोघांना पटले होते, आणि फेरपाहणीचा अर्ज करावयास त्याच्या हाती एक सबळ पुरावा राहील.

पुढील लेखांकात याच पीक कापणीच्या तुकड्याकडे अधिक निगुतीने पाहू, आणि साऱ्या तालुक्याचे उत्पन्न मोजक्या तुकड्यांवरून सांगण्याचे धाडस संख्याशास्त्र कोणत्या बळावर करते ते समजून घेऊ.