काठावरचे प्रोटॉन

कडा रेल्वे स्टेशनला मध्य धरून ४.३ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं, तर आष्टी तालुक्यातल्या कितीतरी शिवारांना वळसा घालत त्याचा घेर २७ किलोमीटर भरेल. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला लार्ज हॅड्रॉन कोलायडर एवढाच आहे, फक्त जमिनीखाली साधारण १०० मीटर खोल. त्यातला प्रोटॉन ही प्रदक्षिणा सेकंदाला ११,००० पेक्षा जास्त वेळा घालतो.

खरं नवल पुढेच आहे. मूळ आराखड्यानुसार एका दिशेने धावणारे सगळे प्रोटॉन थांबवून तोलले, तर त्यांचं वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या निम्मं भरेल. धावताना मात्र त्यांच्यात ३६२ मेगाज्यूल ऊर्जा असते. वीजबिलाच्या भाषेत १०० युनिटं! आणि त्यांना वळवणारे अतिसंवाहक चुंबक उणे २७१ अंश सेल्सियसला ठेवलेले. त्यांच्या तारांना घनसेंटिमीटरमागे काही मिलिज्यूल उष्णता लागली, तरी अतिसंवाहकता मोडते आणि यंत्र बंद पडतं.

या प्रोटॉनांच्या झोताचा गाभा शिस्तीत असतो, धोका काठाचा. प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, नळीत उरलेल्या वायूच्या रेणूंवर आपटतात, चुंबकांतल्या बारीकसारीक दोषांनी भरकटतात. गाभ्याभोवती त्यांचं विरळ वलय तयार होतं. ते चुंबकांवर आदळण्याआधी खरवडून काढावं लागतं. त्यासाठी शंभराहून अधिक कॉलिमेटर बसवले आहेत: समोरासमोर दोन जबडे, मधून झोत. पूर्ण ऊर्जेला सर्वांत जवळच्या जबड्यांत दोन-तीन मिलिमीटरांचीच फट उरते.

हे जबडे जड धातूचे असतील असं वाटतं ना? सर्वांत पुढचे आहेत कार्बन तंतूंच्या हलक्या मिश्रणाचे. जड धातूत सगळी ऊर्जा थोड्या जागेत उतरेल आणि जबडाच वितळेल. म्हणून पहिला जबडा प्रोटॉनला अडवत नाही, नुसता विचलित करतो. बॅटची कड घेऊन उडालेला चेंडू टिपायला स्लिपमध्ये क्षेत्ररक्षक असावेत, तशी मागे जबड्यांची दुसरी फळी उभी असते. तिच्याही मागे टंगस्टनचे शोषक.

एवढं सगळं नीट चालतंय हे ताडायची रीत मला फार आवडते. यंत्रात मुद्दाम थोडेच प्रोटॉन सोडतात आणि त्यांना विद्युतक्षेत्राने हलवून काठाकडे ढकलतात. बोगद्यात सुमारे ४००० शोधक आहेत, त्यांतले बहुतेक नायट्रोजन भरलेल्या नळ्यांचे. कुठे किती कण सांडले, ते या शोधकांवरून कळतं आणि साऱ्या वर्तुळाचा आलेख उमटतो. कॉलिमेटरांपाशी उंच सुळके आणि चुंबकांपाशी जवळजवळ शांतता दिसली, की मांडणी पास. सुळक्याच्या मानाने अतिशीत चुंबकांपाशी दहा हजारांत एखादाच भाग पोचलेला असतो.

आपल्याकडे, मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९८८ पासून पेलेट्रॉन हा त्वरक आहे. तिथे काठाकडून आणखी एक काम करून घेतात. आयनांचा झोत चुंबकातून वळतो, तेव्हा मंद आयन जास्त वळतात, वेगवान कमी. पुढच्या फटीच्या दोन्ही बाजूंना धातूचे जबडे असतात आणि झोताचा काठ त्यांना किंचित घासतो. दोन्ही जबड्यांवर सारखाच विद्युतप्रवाह आला, तर ऊर्जा बरोबर. एका बाजूला वाढला, तर त्वरकाचं व्होल्टेज सरकलंय. दोन प्रवाहांतला फरकच ते पुन्हा जागेवर आणतो. छाटून टाकलेले कण उरलेल्या झोताला ताळ्यावर ठेवतात, यापेक्षा सुंदर युक्ती मला माहीत नाही.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘लेहिपा’ त्वरकाने २०२३ मध्ये प्रोटॉनांना २ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेलं. दूरची आकांक्षा १०० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि ३० मिलिअँपिअरची, म्हणजे ३० मेगावॅटच्या झोताची आहे. तो जड धातूवर आपटवून न्यूट्रॉन मिळवायचे आणि त्यांच्या बळावर थोरियम जाळणारी अणुभट्टी चालवायची. अशा यंत्रांसाठी जगभर एक मर्यादा पाळतात: मीटरमागे १ वॅटपेक्षा जास्त झोत सांडता कामा नये. ही मर्यादा पाळली, तर यंत्र बंद केल्यावर माणसाला जवळ जाऊन पाना फिरवता येतो. पूर्ण ऊर्जेला याचा अर्थ, दर मीटरला ३ कोटी प्रोटॉनांतला एकच चुकावा!

म्हणूनच मला लेहिपाची सुरुवातीची बाजू सर्वांत मोलाची वाटते. प्रोटॉन तिथे ५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टांनी निघतात आणि पहिल्या टप्प्यात ३० लाखांवर जातात. एवढ्या कमी ऊर्जेचे कण धातूवर घासले, तर धातू तापतो, पण किरणोत्सारी फारसा होत नाही. छाटणी करायची तर ती इथेच स्वस्तात होते.