पोलीस, घोडा आणि गाव: छोट्या पडद्याचा हिशेब

१,५४७. २१ जानेवारी १९९८ ते २७ ऑक्टोबर २०१८ या काळात सोनी वाहिनीने ‘सीआयडी’चे एवढे भाग दाखवले. आठवड्याला सरासरी १.४३, वर्षाला सुमारे ७४. तुलनेसाठी अमेरिकेतली ‘गनस्मोक’ घेऊ: १९५५ ते १९७५, २० हंगाम, ६३५ भाग. भागांच्या संख्येत आपली मालिका तिच्या २.४ पट आहे. फरक मात्र संख्येपुरता नाही. ‘गनस्मोक’मध्ये कायद्याचा माणूस, घोडा आणि डॉज सिटी हे लहान गाव एकाच चौकटीत होते. १९५८-५९ च्या हंगामात अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १० मालिकांपैकी ७ याच जातीच्या होत्या. आपल्या पडद्यावर या तिघांची वाटणी झाली. पोलीस मुंबईला गेला, घोडा इतिहासात आणि पुराणात गेला, लहान गाव कर्नाटकात गेले.

ही वाटणी वरठीतून पाहिली की तिचे माप कळते. वरठी भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात आहे. मुंबई-हावडा मार्गावरचे भंडारा रोड स्थानक या गावात आहे, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे आणि स्वतःचे पोलीस ठाणेही आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. त्यात शहरी लोक १९.५ टक्के, देशाचे प्रमाण ३१.२ टक्के. म्हणजे जिल्ह्यातली दर पाचपैकी चार माणसे खेड्यात राहतात. टीव्हीवरचा इन्स्पेक्टर त्यांच्या तालुक्यात सहसा फिरकत नाही.

आधी दूरदर्शनचा जमाखर्च. ‘मालगुडी डेज’ ३९ भाग (१९८७), ‘रामायण’ ७८ (१९८७-८८), ‘भारत एक खोज’ ५३ (१९८८-८९), ‘महाभारत’ ९४ (१९८८-९०), ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ ६० (१९९०-९१). पाचही मालिकांची बेरीज ३२४. लोक आजही ज्यांचे नाव काढतात, त्या पाच मालिका मिळून एकट्या ‘सीआयडी’च्या २१ टक्के भरतात. आठवणीचे वजन भागांच्या संख्येवर ठरत नाही, हा या बेरजेचा पहिला अर्थ. दुसरा अर्थ मंजुरीच्या पद्धतीत आहे. तेव्हा मालिका १३ भागांच्या पटीत मंजूर होत, कारण १३ आठवड्यांची एक तिमाही. ३९ म्हणजे तीन तिमाह्या. ‘रामायण’ ५२ भागांचे ठरले होते. मागणी वाढत गेली तशी तीनदा मुदतवाढ मिळाली आणि ते ७८ वर, म्हणजे बरोबर सहा तिमाह्यांवर थांबले. ‘भारत एक खोज’, ‘महाभारत’ आणि ‘टिपू सुलतान’ या पाढ्यात बसत नाहीत. खासगी वाहिन्या आल्या आणि पाढाच संपला. प्रेक्षकसंख्या टिकेल तोवर मालिका चालू लागली. १,५४७ हा आकडा त्या व्यवस्थेतला आहे.

‘तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसायचा’ हे वाक्यही आकड्यांसमोर ठेवून पाहावे. दिल्लीत दूरदर्शन सुरू झाले १५ सप्टेंबर १९५९ ला, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला. दोन शहरांमध्ये १३ वर्षे आणि १७ दिवसांचे अंतर पडले. राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत चित्र १५ ऑगस्ट १९८२ ला आले. आता घरांचे आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत टीव्ही असलेली घरे ३१.६ टक्के होती. शहरी भागात ६४.३ टक्के, ग्रामीण भागात १८.९ टक्के. २०११ मध्ये एकूण प्रमाण ४७.२ टक्के झाले, ग्रामीण प्रमाण ३३.४ टक्के. म्हणजे ‘रामायण’ संपून २३ वर्षे झाल्यावरही तीनपैकी दोन ग्रामीण घरांत संच नव्हता. संच नव्हता याचा अर्थ पाहणारे नव्हते असा होत नाही. एका संचासमोर आळी बसे. पण विकत घेणारा ग्राहक शहरात होता, जाहिरातदार त्याच्यासाठी पैसे मोजत होता आणि गोष्ट त्याच्या शहरात घडत होती.

पोलीस मालिकांची मुंबई इथून येते. मराठीतला आधीचा ठळक नमुना म्हणजे मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’. नाव पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून घेतलेले, दिग्दर्शक बी. पी. सिंग, कलाकारांत शिवाजी साटम. हीच जोडी पुढे ‘सीआयडी’त आली. साटम त्याआधी सेंट्रल बँकेत नोकरीला होते, तेच एसीपी प्रद्युम्न झाले. ७ नोव्हेंबर २००४ ला या मालिकेने १११ मिनिटांचा भाग एकही कट न घेता दाखवला. त्याची नोंद गिनेस बुकात झाली. २१ डिसेंबर २०२४ ला मालिका परत सुरू झाली. वीस वर्षांच्या धावेनंतर सहा वर्षे बंद राहून परतलेली पोलीस मालिका आपल्याकडे दुसरी सहज आठवत नाही.

आता पडद्यावरचा गुन्हा आणि नोंदवहीतला गुन्हा शेजारी ठेवू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात ६२,४१,५६९ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. २०२२ मध्ये ते ५८,२४,९४६ होते, वाढ ७.२ टक्के. खून मात्र २८,५२२ वरून २७,७२१ वर आले; घट २.८ टक्के. भारतीय दंड संहितेखालच्या ३७,६३,१०२ गुन्ह्यांत खुनाचा वाटा ०.७४ टक्का होतो. आदल्या वर्षी तो ०.८० होता. दर हजार गुन्ह्यांत सात-आठ खून, बाकीचे ९९२ दुसरे काही. मालिकेत प्रमाण जवळपास उलटे असते.

एक ढोबळ गणित करू. देशात लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे २ खून नोंदले जातात. या सरासरीने भंडाऱ्याएवढ्या लोकसंख्येच्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे २४ होतात. ही देशाची सरासरी आहे, जिल्ह्याची प्रत्यक्ष नोंद नव्हे. ‘सीआयडी’त भागाला एक खून धरला, तर मालिकेतले एक पथक अशा तीन जिल्ह्यांचे वर्षभराचे खून एकटे सोडवते, आणि सगळे सोडवते. प्रत्यक्षात २०२२ मध्ये दंड संहितेच्या गुन्ह्यांत आरोपपत्राचे प्रमाण ७१.३ टक्के होते आणि निकाल लागलेल्या खटल्यांत दोषसिद्धीचे ५४.२ टक्के. ही दोन प्रमाणे वेगवेगळ्या वर्षांत दाखल झालेल्या प्रकरणांची असतात, त्यामुळे त्यांचा गुणाकार करू नये. पण दरवाजा तोडल्यावर प्रकरण संपत नाही, एवढे त्यांतून दिसते.

खुनाच्या कारणांचा तक्ता पटकथालेखकाने वाचावा असा आहे. २०२३ मध्ये ९,२०९ खून वादातून झाले, म्हणजे ३३.२ टक्के. वैयक्तिक वैर ३,४५८. लाभासाठी केलेले १,८९०, म्हणजे ६.८ टक्के. मालिकेचे आवडते कारण, वारसा आणि विमा, या तिसऱ्या खणात येते. वर्षाच्या तुलनेत गंमत आहे: वादातले खून ९,९६२ वरून ७५३ ने कमी झाले, लाभासाठीचे १,८८४ वरून ६ ने वाढले. एकूण घट झाली ती भांडणे आणि वैर या खात्यांत. पैशाच्या खात्यात नाही. महाराष्ट्राचे २०२२ चे खून २,२९५, देशाच्या ८ टक्के. २०११ च्या लोकसंख्येत राज्याचा वाटा ९.३ टक्के होता. खुनांच्या मालिका सर्वाधिक जिथे बनतात, त्या राज्याचा खुनांतला वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कमी आहे.

ठाण्यातल्या माणसांचे आकडे पडद्यावर येत नाहीत. १ जानेवारी २०२० ला देशात पोलिसांची मंजूर पदे २६,२३,२२५ होती, भरलेली २०,९१,४८८. रिक्त ५,३१,७३७, म्हणजे २०.३ टक्के, पाचपैकी एक खुर्ची रिकामी. प्रत्यक्षात लाख लोकांमागे १५५.७८ पोलीस होते. महिला पोलीस २,१५,५०४, एकूण बळाच्या १०.३ टक्के. या शेवटच्या आकड्याला दूरदर्शनची एक मालिका चिकटलेली आहे. १९८९ ची ‘उडान’ कविता चौधरी यांनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. गोष्ट त्यांची बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावर बेतलेली होती. २००४ मध्ये कांचन उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या; देशातल्या या पदावरच्या पहिल्या महिला. मालिका आधी आली, पद १५ वर्षांनी आले. पोलीस मालिकांत उलट क्रम नेहमीचा असतो.

घोड्याचे खाते सर्वांत लहान आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून ३.४ लाख, २०१२ मध्ये ६.२५ लाख. घट ४५.६ टक्के. सात वर्षांत रोज सरासरी ११० घोडे कमी झाले. त्याच गणनेत एकूण पशुधन ४.६ टक्क्यांनी वाढून ५३.५८ कोटी झाले. दर १,५७५ जनावरांत एक घोडा असे हे प्रमाण पडते. गाढवे ६१ टक्क्यांनी घटली, उंट ३७ टक्क्यांनी. ओझे वाहणाऱ्या जनावराचे काम टेंपोने घेतले, म्हणून घट या तिघांत आहे. दूध देणाऱ्या जनावरांत नाही. पोलीस दलातही तेच झाले. मुंबई पोलिसांचे घोडदळ १९३२ मध्ये बंद झाले, कारण रस्त्यावर मोटारी वाढल्या. ८८ वर्षांनी, २६ जानेवारी २०२० ला ते १३ घोड्यांसह पुन्हा संचलनात उतरले. पडद्यावर घोडा आणणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही; २००१ च्या नियमांपासून चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे मराठी छोट्या पडद्यावर घोडा दिसतो तो शिवकालात किंवा ‘जय मल्हार’सारख्या देवाच्या गोष्टीत, आणि गावात दिसतो तो वरातीपुढे.

भंडाऱ्यात वेगाचे जनावर घोडा नव्हतेच, बैल होते. जिल्ह्यातल्या शंकरपटांवर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षे पट बंद होते. पुणे जिल्ह्यातल्या घाटाच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी धावते. पूर्व विदर्भाच्या पटात बैलजोडी पुरते. परवानगीच्या अर्जापासून पोलीस बंदोबस्तापर्यंत पटाचा प्रत्येक टप्पा ठाण्यातून जातो. पोलीस, जनावर आणि गाव एकत्र येण्याची ही आपली जागा. मालिकांनी ती वापरल्याचे दिसत नाही.

राहिले गाव. ‘मालगुडी डेज’चे चित्रीकरण शंकर नाग यांनी शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबेला केले. गोष्टीत रेल्वे स्थानक होते, त्यासाठी अरसाळूचे स्थानक वापरले. तिथे आता मालगुडीचे संग्रहालय आहे. ३९ भागांनी एका न-असलेल्या गावाला पत्ता मिळाला. दरम्यान खरी लहान शहरे वाढत होती. ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहूनही ज्यांची लोकसंख्या ५,००० च्या वर, घनता चौरस किलोमीटरला ४०० च्या वर आणि ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर असतात, अशा वस्त्यांना जनगणना शहर मानते. २००१ मध्ये देशात त्या १,३६२ होत्या, २०११ मध्ये ३,८९४. वाढ १८६ टक्के. त्याच दशकात नगरपालिका असलेली शहरे ३,७९९ वरून ४,०४१ झाली, वाढ ६.४ टक्के. शहरांच्या संख्येतली बहुतेक वाढ अशा वस्त्यांत झाली, आणि मालिका एक तर महानगरात किंवा वाड्यात राहिल्या.

पूर्व विदर्भाने मात्र गोष्टीसाठी टीव्हीची वाट पाहिली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की नाटकांचा हंगाम लागतो तो होळीपर्यंत. मंडळांची कार्यालये गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, प्रयोग रात्रभर, तिकीट काढून. दिवसा पट, रात्री नाटक हा जुना क्रम. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पुरस्काराच्या माहितीत त्यांचे ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका नमूद आहेत. एका नटाचे प्रयोग ‘सीआयडी’च्या भागांच्या तिप्पट आहेत. त्यामुळे लहान गावातल्या गोष्टीला प्रेक्षक नाही, हे वाहिन्यांचे कारण निदान या चार जिल्ह्यांत टिकत नाही. ज्या निर्मात्याला १३ भागांची पोलीस मालिका करायची आहे, त्याने मुंबईबाहेरचे एक ठाणे निवडावे, आणि खुनाआधी उरलेले ९९२ गुन्हे वाचावेत.